72 वर्षांच्या काकांचं कार्ड आणि 66 वर्षांच्या काकूंचं फ्रॅक्चर: सरकारी आरोग्य विम्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं. ओळख पटू नये म्हणून माणसांची, गावाची आणि रुग्णालयांची नावं वगळली आहेत. नवरा-बायकोला इथे काका आणि काकू म्हटलं आहे.

काकांचं वय 72. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून 26 वर्षं नोकरी करून ते 58 व्या वर्षी निवृत्त झाले. पेन्शन महिन्याला दोन हजारांच्या आसपास. काकू 66 वर्षांच्या, बारा वर्षांपासून मधुमेह. रेशनकार्ड केशरी, त्यावर आता दोघांचीच नावं. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याने स्वतःचं नाव कमी करून घेतलेलं.

2025 च्या सुरुवातीला गावात शिबिर झालं तेव्हा काकांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं होतं. आधार क्रमांक, मोबाइलवरचा ओटीपी आणि फोटो, एवढ्यावर पंधरा मिनिटांत काम झालं. कार्ड लॅमिनेट करून कपाटात ठेवलं आणि घरात सगळ्यांनी धरून चाललं की आता दोघांचा पाच लाखांचा विमा आहे. पुढचा सगळा घोळ या एका समजुतीतून झाला.

वय वंदना कार्ड 70 किंवा त्याहून अधिक वय असलेल्या माणसालाच मिळतं. केंद्र सरकारने 29 ऑक्टोबर 2024 ला आयुष्मान भारत योजनेचा हा विस्तार सुरू केला, तेव्हा उत्पन्नाची अट ठेवली नाही. फक्त वय पाहिलं, तेही आधारवरचं. त्यामुळे काकांना कार्ड मिळालं. पण ते पाच लाख कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांसाठी आहेत. नवरा-बायको दोघेही सत्तरीच्या पुढे असतील तर तेच पाच लाख दोघांत वाटून वापरायचे. बायको 66 ची असेल तर त्यातला एक रुपयाही तिच्यासाठी नाही.

अडचण

पावसाळ्यातल्या एका रात्री दहाच्या सुमारास काकू न्हाणीघरात घसरल्या. उठता येईना, उजवा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. अशी लक्षणं दिसली की खुब्याचं हाड मोडलं असं समजूनच पुढची हालचाल करायची असते. शेजाऱ्यांनी त्यांना गावातल्या खासगी नर्सिंग होममध्ये नेलं. एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाचं वरचं टोक, सांध्याच्या जरा खाली, मोडलेलं दिसलं. रक्तातली साखर 286.

डॉक्टरांनी सांगितलेलं वैद्यकीयदृष्ट्या चोख होतं: आत रॉड घालून हाड बसवावं लागेल आणि ते शक्यतो 48 तासांच्या आत व्हायला हवं. या वयात माणूस अंथरुणाला खिळला की फुप्फुसात संसर्ग, पायात रक्ताच्या गुठळ्या आणि पाठीला जखमा व्हायला फार दिवस लागत नाहीत. मधुमेह असला तर आणखी कमी. खर्चाचा अंदाज दीड ते पावणेदोन लाख, अनामत 50 हजार.

काकांनी वय वंदना कार्ड पुढे केलं. काउंटरवर दोन उत्तरं मिळाली. पहिलं, कार्ड काकांचं आहे, काकूंना चालणार नाही. हे बरोबर होतं. दुसरं, "आमच्याकडे योजना नाही, पण आत्ता पैसे भरा, बिलं घ्या आणि नंतर योजनेतून क्लेम करा." हे साफ चूक होतं. आयुष्मान भारत असो की राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, दोन्हींत उपचार रोकडविरहित होतात आणि तेही अंगीकृत, म्हणजे योजनेशी करार केलेल्या, रुग्णालयातच. आधी खर्च करून मागून परतावा मागायची सोय रुग्णाला नाही. त्या रात्री 50 हजार भरून तिथेच शस्त्रक्रिया केली असती, तर ते पैसे कायमचे गेले असते.

समोरचे पर्याय

फोनवर पुण्याचा मुलगा आणि इथे काका, अशा दोघांनी मिळून रात्री बारापर्यंत चार पर्याय मांडले.

तिथेच पैसे भरून शस्त्रक्रिया करायची, हा सगळ्यात लवकरचा मार्ग होता. शेजारी उसने द्यायलाही तयार होते. पण काकांकडे बँकेत होते एकूण सव्वा लाख.

मुलाच्या कंपनीच्या गटविम्याचा काही उपयोग नव्हता. आईवडिलांना जोडायची सोय त्यात होती, पण हप्ता पगारातून कापला जातो म्हणून त्याने ती घेतली नव्हती. अशी जोडणी सहसा नोकरीत रुजू होताना किंवा वार्षिक नूतनीकरणाच्या वेळीच करता येते, रात्री बारा वाजता नाही.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय 70 किलोमीटरवर होतं. तिथे उपचार झाले असते, पण अस्थिरोग विभागात शस्त्रक्रियेची यादी चार-पाच दिवसांची असल्याचं कळलं.

उरली महात्मा फुले योजना. हिचा विचार सगळ्यात शेवटी झाला, कारण "ती गरिबांची, दीड लाखाची" अशी जुनी माहिती डोक्यात बसलेली. दीड लाखाची मर्यादा पूर्वी होती. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने ती कुटुंबामागे वर्षाला पाच लाख झाली आणि 1 जुलै 2024 पासून विस्तारित योजना लागू झाली. आता पिवळं, केशरी आणि पांढरं अशा तिन्ही रंगांच्या रेशनकार्डांवर लाभ मिळतो. वयाची अट नाही. मधुमेहासारखा आधीपासूनचा आजार असला तरी प्रतीक्षा कालावधी, म्हणजे लाभ सुरू होईपर्यंत थांबायचा काळ, नाही. म्हणजे ज्या कागदावर काकूंचा पाच लाखांचा विमा खरोखर होता, ते केशरी रेशनकार्ड घरात होतंच, आणि ते दवाखान्यात न्यायचं कुणाला सुचलं नव्हतं.

काय केलं

पहिला निर्णय चांगला झाला: शस्त्रक्रियेची अनामत भरायची नाही. फक्त रात्रीपुरतं दाखल व्हायचं, वेदनाशामक, साखरेसाठी इन्सुलिन, पायाला वजन लावून ताण, आणि सकाळी हलवायचं. एक्स-रेच्या फिल्म आणि रेफरल चिठ्ठी मागून घेतली. त्या रात्रीचं बिल 9,400 रुपये.

दुसरा निर्णय घाईत झाला. सकाळी मुलाने जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका रुग्णालयाला फोन करून विचारलं, "तुमच्याकडे महात्मा फुले योजना आहे का?" उत्तर आलं, "हो, आहे." अ‍ॅम्ब्युलन्सने 38 किलोमीटर प्रवास झाला, 2,500 रुपये गेले, आणि तिथे पोहोचल्यावर कळलं की त्या रुग्णालयात योजना मूत्रविकार आणि सामान्य शस्त्रक्रियेसाठी आहे, अस्थिरोगासाठी नाही. रुग्णालयाचं अंगीकरण विभागवार होतं. एकाच इमारतीत डायलिसिस योजनेतून होईल आणि हाडाच्या शस्त्रक्रियेचे पूर्ण पैसे मागतील, यात बेकायदा काही नाही. प्रश्न अपुरा विचारला गेला होता. तिथून दुसरं रुग्णालय शोधून तिथे पोहोचेपर्यंत दुपार उलटली. अ‍ॅम्ब्युलन्सचे आणखी 1,800 रुपये.

दुसऱ्यांदा फोन करताना मुलाने विचारलेले प्रश्न मात्र नेमके होते, आणि ते जसेच्या तसे वापरण्यासारखे आहेत. "योजनेत तुमचा अस्थिरोग विभाग आहे का? खुब्याच्या फ्रॅक्चरला रॉड घालायची शस्त्रक्रिया योजनेतून करता का? आज खाट आहे का, आणि शस्त्रक्रिया उद्या-परवात होईल का? आरोग्यमित्र आत्ता आहेत का, त्यांच्याशी बोलता येईल का?" यातल्या शेवटच्या प्रश्नाने सगळ्यात जास्त काम केलं. आरोग्यमित्र हा योजनेने अंगीकृत रुग्णालयात बसवलेला माणूस. पात्रता तपासणं, नोंदणी करणं आणि अडल्यास मार्ग दाखवणं हे त्याचं काम. हे दुसरं रुग्णालय एका ट्रस्टचं होतं, तिथल्या आरोग्यमित्राने फोनवरच सांगितलं: मूळ रेशनकार्ड, काकूंचं आधार, आणखी एखादं फोटो ओळखपत्र आणि एक्स-रे घेऊन या.

मुलाचा आग्रह पुण्याला आणायचा होता. योजना राज्यभर चालते, त्यामुळे नियमाने आडकाठी नव्हती. पण मोडलेल्या हाडावर पाच तासांचा प्रवास, आणि नंतर सहा आठवडे तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, जिथे दिवसा कुणी नसतं. काकांनी नकार दिला आणि तो योग्यच होता. रुग्णालय निवडताना शस्त्रक्रियेनंतरचे दीड-दोन महिने कुठे काढायचे हेही त्याच वेळी ठरवावं लागतं.

नोंदणीत नाव अडलं. रेशनकार्डावर काकूंच्या नावापुढे "बाई" जोडलेलं, आधारवर ते नाही. रेशनकार्डावरचं वय धरलं तर त्या आज 61 च्या, आधारप्रमाणे 66. जुन्या पिढीतल्या बायकांच्या कागदांत हे हमखास सापडतं. घरी बोलून वापरायचं नाव, सासरचं नाव आणि शिधावाटप कार्यालयात कुणीतरी अंदाजाने लिहिलेलं वय, हे तीन कागदांवर तीन तऱ्हांनी उतरतं. काकूंच्या मतदार ओळखपत्रावर "बाई"सकट नाव, नवऱ्याचं नाव आणि तोच पत्ता होता. ते जोडल्यावर नोंदणी झाली. हे ओळखपत्र गावी कपाटात राहिलं असतं तर आणखी एक दिवस गेला असता.

यानंतर रुग्णालयाने एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या आणि डॉक्टरांची टिपणं ऑनलाइन चढवून पूर्वमंजुरी मागितली. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. या मधल्या वेळेत नातेवाइकांचा जीव कासावीस होतो आणि "पैसे भरून मोकळे होऊ" असं वाटायला लागतं. पण तो वेळ वाया जात नव्हता. साखर 286 वरून 180 च्या खाली आणणं, हृदयाची तपासणी, भूलतज्ज्ञांची संमती, रक्ताची एक पिशवी तयार ठेवणं, हे सगळं तेव्हाच चाललं होतं. मंजुरी लवकर आली असती तरी साखर उतरेपर्यंत थांबावंच लागलं असतं.

पैशांची मागणी

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी एका कर्मचाऱ्याने काकांना बाजूला घेऊन सांगितलं, योजनेतला रॉड साधा असतो, बाहेरचा चांगला हवा तर 30 हजार फरक भरा. काका भरायला निघाले होते. आईच्या जिवाचा प्रश्न म्हणून मुलानेही हो म्हटलं होतं.

पूर्वमंजुरी मिळालेल्या उपचारात जनरल वॉर्डची खाट, शस्त्रक्रिया, भूल, तपासण्या, औषधं, रक्त, ऑक्सिजन, रुग्णाचं जेवण आणि शरीरात बसवायचं उपकरण, हे सगळं धरलेलं असतं. रॉडही त्यातच येतो. त्यासाठी रुग्णाकडून वेगळे पैसे घेता येत नाहीत. मुलाने आधी थेट अस्थिरोगतज्ज्ञांना विचारलं. ते म्हणाले, या फ्रॅक्चरला हाच रॉड आम्ही सगळ्यांना वापरतो, वेगळ्याची गरज नाही. मग त्याने आरोग्यमित्राला सांगितलं की पैसे लागणारच असतील तर रुग्णालयाच्या लेटरहेडवर तसं लिहून द्या आणि पावती द्या, आणि 155388 या योजनेच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची तयारी ठेवली. मागणी तिथेच थांबली. भांडण झालं नाही, आवाजही चढला नाही. लेखी मागितल्यावर मागे हटणारी मागणी नियमातली नसते, एवढं ओळखणं पुरेसं ठरलं.

निष्पत्ती

पडल्यापासून साधारण 60 तासांनी शस्त्रक्रिया झाली. 48 तासांची वेळ हुकली, आणि त्यातला निम्मा उशीर चुकीच्या रुग्णालयाच्या फेरीमुळे होता. सुदैवाने गुंतागुंत झाली नाही. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं, सातव्या दिवशी घरी सोडलं. रुग्णालयाचं बिल शून्य. सुटताना पुढच्या दहा दिवसांची औषधंही योजनेतून मिळाली. ती मागून घ्यावी लागली, हे नोंदवायला हवं.

तरी कुटुंबाचे खिशातून साधारण 43 हजार गेले. नर्सिंग होमचे 9,400, दोन अ‍ॅम्ब्युलन्सचे 4,300, वॉकर 1,300, कमोड खुर्ची 2,200, घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या बारा फेऱ्यांचे 4,800 आणि सगळ्यात मोठा आकडा म्हणजे सहा आठवडे दिवसा येणाऱ्या मावशींचे 21 हजार. यातलं नर्सिंग होम आणि अ‍ॅम्ब्युलन्स टाळता आलं असतं. बाकीचं नाही, कारण दोन्ही योजना रुग्णालयात दाखल असतानाच्या उपचारांसाठी आहेत. घरची शुश्रूषा, घरचा व्यायाम, बाह्यरुग्ण विभागातली रोजची औषधं त्यांच्या कक्षेत येत नाहीत. म्हाताऱ्या माणसाच्या आजारपणात खर्चाचा लांब शेपटा तोच असतो, आणि पाच लाखांचा आकडा ऐकून तो विसरला जातो.

वॉकर आणि खुर्चीच्या खर्चासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अर्ज केला आहे. 65 वर्षांवरच्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला अशा साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये थेट खात्यात मिळतात. काकू त्यात बसतात. हे लिहीपर्यंत पैसे जमा झालेले नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

शिबिरात काकांचं कार्ड निघालं त्याच दिवशी "हिच्यासाठी काय?" हा एक प्रश्न विचारला गेला असता, तर रेशनकार्ड, आधार आणि नावातला फरक हे सगळं निवांतपणे उलगडलं असतं. साठ ते सत्तर या वयातल्या बायका इथेच राहून जातात. नवरा चार-सहा वर्षांनी मोठा, त्याचं कार्ड निघतं, गाजावाजा होतो, आणि घरच्यांना वाटतं काम झालं. काकूंचं रेशनकार्डावरचं नाव आणि वय आता तहसीलच्या पुरवठा शाखेत आधारप्रमाणे दुरुस्त करून घेतलं आहे.

दुसरी गोष्ट यापेक्षा मोठी आहे आणि ती 14 वर्षं नजरेआड राहिली. काका कारखान्यात ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या कर्मचारी राज्य विमा योजनेचे, विमेदार होते. किमान पाच वर्षं विमेदार राहून जो कामगार वयोमानाने निवृत्त होतो किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतो, त्याला वर्षाला फक्त 120 रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयची वैद्यकीय सेवा पुढे चालू ठेवता येते. तिथे जोडीदाराला वयाची अट नाही. मुख्य म्हणजे तिथे बाह्यरुग्ण तपासणी आणि महिन्याची औषधंही मिळतात, जे वर सांगितलेल्या दोन्ही योजना देत नाहीत. आणि ईएसआय असलं म्हणून वय वंदना कार्ड हातचं जात नाही, दोन्ही ठेवता येतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनांचं तसं नाही, तिथे एक काहीतरी निवडावं लागतं.

काकांना निवृत्तीच्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर ते ईएसआयच्या शाखा कार्यालयात गेले तेव्हा विमा क्रमांक पाठ होता, पण वयोमानाने निवृत्त झाल्याचा कागद सापडेना. कारखाना बंद पडून सात वर्षं झालेली. शेवटी भविष्यनिर्वाह निधीच्या फायलीत निवृत्तीचं पत्र मिळालं, त्यावर अर्ज झाला.

पण ईएसआयचा दवाखाना जिल्ह्याच्या ठिकाणी, जाऊन-येऊन 76 किलोमीटर. गोळ्यांसाठी दर महिन्याला तिथे जाणं काकूंना झेपणार नाही. म्हणून साखरेच्या आणि काकांच्या रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या गावच्या ग्रामीण रुग्णालयातून घ्यायचं ठरलं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसह उपचार मोफत आहेत. ईएसआय मोठ्या तपासण्यांसाठी आणि तज्ज्ञांसाठी वापरायचं. हाड इतक्या साध्या पडण्याने मोडलं म्हणजे हाडांचा ठिसूळपणा तपासायलाच हवा, त्याची चाचणी आणि उपचार तिथून सुरू केले आहेत.

मुलाला आता दोघांसाठी खासगी विमा घ्यायचा होता. 65 वर्षांवरच्यांना नवी पॉलिसी देण्यावरची जुनी आडकाठी एप्रिल 2024 पासून उठली आहे आणि वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला आहे. पण काकूंच्या मधुमेहाला तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा कालावधी लागू शकतो, आणि हप्ता काकांच्या वर्षभराच्या पेन्शनहून जास्त येत होता. त्याने त्याऐवजी कंपनीच्या गटविम्यात नूतनीकरणाच्या वेळी दोघांना जोडायचं ठरवलं. गटविम्यात पहिल्या दिवसापासून जुने आजार धरले जातात का, हे तो आधी कंपनीकडून लेखी घेणार आहे.

कपाटावर आतल्या बाजूने आता एक कागद चिकटवला आहे. त्यावर जिल्ह्यातल्या दोन अंगीकृत रुग्णालयांचे फोन, प्रत्येकापुढे योजनेतले विभाग (एकाकडे हाडं, दुसऱ्याकडे हृदय), आयुष्मानसाठी 14555 आणि महात्मा फुलेसाठी 155388. खाली एका प्लास्टिकच्या पिशवीत मूळ रेशनकार्ड, दोघांची आधार आणि मतदार ओळखपत्रं, काकांचं वय वंदना कार्ड आणि ईएसआयची पावती. काकू आधारप्रमाणे सत्तरीच्या होतील ती तारीखही कागदावर आहे. त्या दिवसापासून त्यांचं वय वंदना कार्ड काढता येईल, पण मग काकांचे पाच लाख दोघांत वाटले जातील. ईएसआयच्या पावतीची मुदत पुढच्या वर्षी संपते, 120 रुपये त्याआधी भरायचे आहेत.